पाहुणा तारा

सीडीवर छापील असं काहीच नव्हतं. चंदेरी तबकडीच्या पाठीवर काळ्या मार्करने खरडलेलं 'एरियॉन' आणि शेजारी वर्तुळात २ हा आकडा. २००१ सालचं पुणं. हॉस्टेलवर अशा कॉपी केलेल्या सीड्या हातोहात फिरायच्या; मूळ सीडी कोणी विकत घेतली होती, हे विचारायची पद्धत नव्हती. ही सीडी माझ्या रूममेटची. तो हिंगोलीकडचा, बोलायला मोजका, आणि रोज रात्री हेडफोन लावून मेटल ऐकत झोपणारा. त्याच्या कानातून बाहेर झिरपणारा आवाज पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा वाटायचा. एकदा मी त्याला म्हटलं, "अरे, हे ऐकत झोप कशी लागते तुला?" तो म्हणाला, "पाऊस पडताना लागत नाही का?"

पुढच्या जूनमध्ये नोकरी लागून तो बंगळुरूला गेला. मागे राहिली एक बादली, दोरीवरचा पंचा आणि ही सीडी.

माझ्या घरचं वळण निराळं. वडील सवाई गंधर्व महोत्सवाला न चुकता जायचे आणि मला शाली-कानटोपीसकट सोबत न्यायचे. गाणं म्हणजे एक गळा, दोन तंबोरे आणि मागे बसलेले शिष्य, अशी माझी समजूत. रात्री मला जाग यायची ती बहुधा दोन गायकांच्या मधल्या वेळात. नवा गायक आलेला असायचा, त्याची पट्टी वेगळी, म्हणून तेच तंबोरे पुन्हा लावले जात असायचे. काळी एकवरून काळी दोनवर. मंडपभर चहाचे कप, खोकले, आणि त्यातून हळूहळू वर चढत जाणारी ती तार. खरं सांगायचं तर गाण्यापेक्षा तो मधला वेळच मला जास्त आठवतो.

ती सीडी मी का लावली, आठवत नाही. परीक्षा संपली असावी. कॉम्प्युटरला जोडलेले दोन प्लॅस्टिकचे स्पीकर होते, त्यांतून पहिली पाचेक मिनिटं कोणी गायलंच नाही. दोन्ही पायांनी वाजणारा ढोल, गिटारची खरखरीत भिंत, तिच्यावरून धावणारा कीबोर्ड. मग एका पुरुषाचा आवाज आला. रुंद छातीचा, भरघोस. दुसऱ्या गाण्यात तोच आवाज सुरीसारखा पातळ झाला. तिसऱ्यात त्याला खर आली. चौथ्यात तो अगदी खाली, तळघरात बोलल्यासारखा सुरू झाला आणि दहा मिनिटांत कुठच्या कुठे जाऊन पोचला. पाचव्यात तो थरथरत्या लांब ताना घेऊ लागला. मी थक्क. हा कसला बहुरूपी गळा! आमच्या गावी दिवाळीनंतर बहुरूपी यायचा. सोमवारी पोलीस, मंगळवारी वैद्य, बुधवारी तोंडाला काळं फासून साक्षात यम. सगळ्या गावाला ठाऊक असायचं की आत माणूस एकच, आणि तरीही बुधवारी मुलं रडायची. या परदेशी बहुरूप्याबद्दल मला तसंच वाटलं. एकच माणूस, जिवाच्या आकांताने, दर गाण्याला नवा गळा लावून गातोय.

दोन वर्षं मी अशीच समजूत धरून होतो. मग एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून नावं वाचली. आठ गाणी, आठ गायक. अमेरिकेचा रसेल ॲलन, जर्मनीचे राल्फ शीपर्स आणि अँडी डेरिस, इंग्लंडचा ब्रूस डिकिन्सन, इटलीचा फाबियो लिओने, फिनलंडचा टिमो कोटिपेल्टो, मग नेदरलँड्सचा रॉबर्ट सूटरबूक आणि शेवटी मूळचा इंग्रज इयन पॅरी. प्रत्येकाचा आपापला बँड, आपापला गाजावाजा. इथे ते एकेका गाण्यापुरते पाहुणे. सोमवारचा पोलीस आणि बुधवारचा यम हे वेगवेगळे लोक आहेत, असं कळल्यावर लहानपणी जे वाटलं असतं, तेच मला वाटलं. फसवल्यासारखं.

अल्बमचं नाव 'फ्लाइट ऑफ द मायग्रेटर'. २००० साली आलेल्या 'युनिव्हर्सल मायग्रेटर' या जोडीचा दुसरा भाग. ही जोडी ज्याच्या डोक्यातून निघाली त्याचं नाव आर्येन लुकासन. डच भाषेत जे चा उच्चार य होतो, त्यामुळे देवनागरीत लिहिलं की तो शेजारच्या सोसायटीतला मुलगा वाटतो. हा उंचपुरा, लांब केसांचा माणूस १९६०चा. आधी बोडीन, मग व्हेंजन्स अशा डच बँडमध्ये त्याने वर्षानुवर्षं गिटार वाजवली, दौरे केले, आणि मग त्या सगळ्याचा कंटाळा येऊन घरात बसला. १९९५पासून 'एरियॉन' या नावाने तो घरच्या स्टुडिओत कथा रचतो, चाली बांधतो, बहुतेक वाद्यं स्वतः वाजवतो, आणि गाण्यासाठी जगभरातल्या लोकांना बोलावतो. थोडंफार तो स्वतःही गातो. पण आपला गळा कुठपर्यंत पोचतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि मला त्याचं हे ठाऊक असणं फार आवडतं.

कथा अशी. २०८४ साली शेवटचं युद्ध होऊन पृथ्वीवरची माणसं संपली. मंगळावर वसाहत होती, ती रसद तुटल्यामुळे एकेक करत विझली. २१०३ साल. एकच माणूस उरलाय. तो मंगळावरच जन्मला, पृथ्वीवर त्याने कधी पाय ठेवलेला नाही. वसाहतीतल्या लोकांचा वेळ जावा म्हणून बनवलेलं एक यंत्र त्याच्यापाशी आहे. त्यात झोपलं की मागचे जन्म पुन्हा जगता येतात. शेवटचा माणूस त्या यंत्रात जाऊन पडतो. पहिल्या भागात तो मागे मागे जातो. स्वतःचं मंगळावरचं बालपण, २०८४, १९६९चं चांद्रयान, सतराव्या शतकातलं ॲम्स्टरडॅम, स्पेनच्या आरमाराशी झुंजणारं इंग्लंड, माया लोकांचं देऊळ, स्टोनहेंज, आणि शेवटी पृथ्वीवरचा पहिला माणूस. हा भाग मवाळ, तरंगता. पुनर्जन्माची गोष्ट सांगणाऱ्या या डच माणसाला चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा हिशेब कोणी सांगितला असता तर त्याचे किती अल्बम झाले असते, असं माझ्या मनात येतं. पण ते असो.

दुसऱ्या भागात तो यंत्राला आणखी मागे रेटतो. पहिल्या माणसाच्याही पलीकडे, जिथे माणूसच नाही, ग्रह नाहीत, काहीच नाही. तिथे महास्फोट होतो, आणि त्यातून निघालेल्या पहिल्या आत्म्याच्या मागे लागून तो परत पृथ्वीकडे यायला निघतो. तो आत्मा म्हणजे मायग्रेटर, स्थलांतर करणारा. हा प्रवास म्हणजे माझी ती मार्करवाली सीडी.

कथेचा पत्ता लागल्यावर मी पुन्हा ऐकायला बसलो, आणि माझी चूक मला चूक वाटेना. आत्मा एकच आहे. प्रत्येक मुक्कामाला त्याला नवा गळा मिळतो, नवं शरीर, नवा देश. एकच माणूस आठ गळ्यांनी गातोय, हे मी दोन वर्षं जे ऐकत होतो तेच तर तिथे घडत होतं! नावं कळल्यावर मी गायक ऐकायला लागलो. नावं ठाऊक नव्हती तेव्हा मायग्रेटर ऐकत होतो.

मोठ्या नावांची जत्रा भरवलेले अल्बम मी नंतर पुष्कळ ऐकले. त्यातले बहुतेक सत्कार समारंभासारखे असतात. प्रत्येक जण हार घालून घेतो, दोन शब्द बोलतो, बसतो. लुकासनचं असं का होत नाही, याचं उत्तर मला त्याच्याच पहिल्या भागात सापडलं, आणि ते गाण्यात नाही, चित्रात आहे. सतराव्या शतकातला जो जन्म तो माणूस जगतो, तो कॅप्टन फ्रान्स बॅनिंक कॉकच्या तुकडीतला. म्हणजे रेम्ब्राँच्या 'नाइट वॉच' या नावाने जग ओळखतं त्या १६४२च्या चित्रातला. ते चित्र मुळात समूहचित्र. नगररक्षक तुकडीतल्या लोकांनी आपापला वाटा घालून काढून घेतलेलं. चित्रातल्या ढालीवर अठरा नावं लिहिलेली आहेत. तेव्हाची रीत अशी की पैसे दिलेत तर चेहरा दिसलाच पाहिजे, सगळे एका रांगेत, लग्नातल्या ग्रुप फोटोसारखे. रेम्ब्राँने रांग मोडली. कॅप्टन हात पुढे करून निघालाय, कोणी बंदूक भरतोय, कोणी ढोल बडवतोय, कुत्रं भुंकतंय. काही चेहरे उजेडात, काही अर्धे कोणाच्या तरी हाताआड. पैसे सगळ्यांनी दिले, पण चित्रात फोटोला उभं कोणीच नाही. सगळे कुठेतरी निघालेत.

लुकासनपुढेही हीच अडचण होती. आठ मोठे गळे, आठांचे चाहते. त्याने त्यांना फोटोला उभं न करता वाटेला लावलं. प्रत्येकाला एक मुक्काम दिला आणि बजावलं असावं, की तुझ्या आधी कोणीतरी इथवर आणून सोडलंय आणि तुझ्यानंतर कोणीतरी पुढे नेणार आहे. सवाईचे तंबोरे इथे मला आठवतात. मागे सगळीकडे तोच हात आहे: तोच हॅमंड ऑर्गन, त्याच गिटारी, गोरफेस्टसारख्या डेथ मेटल बँडमधून आलेल्या एड वॉर्बीचा तोच दणकट ढोल. गायक आला की पट्टी बदलते, इतकंच.

आता तिसरा मुक्काम. अँडी डेरिसचा तो खर असलेला आवाज. गाण्याचे दोन तुकडे आहेत. एकाचं नाव वृषभेतला पल्सर, दुसऱ्याचं क्वेसार ३सी २७३. दोन्ही खरे पत्ते आहेत, आणि माझ्यासारख्या माणसाची तिथे विकेट जाते.

४ जुलै १०५४. चीनच्या राजदरबारातल्या ज्योतिषांनी वृषभेच्या शिंगापाशी एक नवा तारा नोंदवला. तेवीस दिवस तो भर दिवसा दिसत होता, रात्री जवळजवळ दोन वर्षं. मग दिसेनासा झाला. अशा ताऱ्यासाठी त्यांच्या नोंदींत एक शब्द आहे, त्याचा सरळ अर्थ पाहुणा तारा. आपल्याकडे त्या सुमाराला अंबरनाथचं शिवालय उभं राहत होतं. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे १०६०, असा काळ आहे. घामाघूम पाथरवटांपैकी एखाद्याने दुपारी मान वर केली असेल का? केली असली तरी त्याने लिहून ठेवलं नाही. त्याला छिन्नी चालवता येत होती, पण ढगांचे दिवस होते.

तो पाहुणा म्हणजे साडेसहा हजार प्रकाशवर्षांवर फुटलेला एक मोठा तारा. त्याच्या चिंध्या अजून पसरतायत, तो क्रॅब तेजोमेघ. आणि मधोमध उरलाय तो ताऱ्याचा गाभा, वस्तुमान सूर्याहून जास्त, व्यास जेमतेम वीस किलोमीटर. स्वारगेटहून निघून खडकवासला ओलांडलं की संपला. १९६८ साली त्याचे ठोके सापडले. तो स्वतःभोवती सेकंदाला सुमारे तीस वेळा गरगरतो आणि प्रत्येक फेरीला रेडिओलहरींचा झोत पृथ्वीवरून फिरवतो. दर सेकंदाला तीस ठोके म्हणजे काय? हे ठोके स्पीकरला दिले तर ते सुटे ऐकू येणार नाहीत, त्यांचा एक सूर होईल. अतिशय खर्जातला. पाच तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की जो सूर निघतो तो सेकंदाला एकतीसच्या जरा आत कंपनांचा. म्हणजे वृषभेतला मेलेला तारा आणि मेटल बँडच्या कोपऱ्यात मान खाली घालून उभा असलेला बेसवाला जवळजवळ एकाच सुरात आहेत. ताऱ्याचा सूर किंचित उतरलेला, आणि तो दरवर्षी आणखी कणभर उतरतो, कारण फिरता फिरता त्याची शक्ती सरतेय. त्याची खुंटी पिळायला कोणी नाही.

हे मला कळलं तेव्हा मी ते गाणं सलग सहा वेळा ऐकलं. लुकासनने हा हिशेब केला होता असं मी मुळीच म्हणत नाही. त्याला वृषभेतला पल्सर हवा होता कारण तो शब्द गाताना छान वाटतो. पण गोष्ट तर जुळतेच ना.

क्वेसारचंही तसंच. १९६३ साली कॅलिफोर्नियात बसलेल्या मार्टेन श्मिट यांना एका फिकट ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषा लागत नव्हत्या. मग ध्यानात आलं, की या आपल्या ओळखीच्या हायड्रोजनच्याच रेषा आहेत, फक्त सोळा टक्के लाल बाजूला सरकलेल्या. म्हणजे तो तारा नाहीच. दोन अब्ज प्रकाशवर्षांच्याही पलीकडून इतका झगझगणारा काहीतरी भलताच प्रकार आहे. तोच ३सी २७३. आणि श्मिट जन्माने डच, ख्रोनिंगनचे. मायग्रेटरला नेमक्या त्याच क्वेसारकडे पाठवणाऱ्या लुकासनला हे माहीत होतं की नाही, कोण जाणे. मला आपलं वाटत राहतं, की गावच्या माणसाने शोधलेल्या जागी गावच्या माणसाने आत्म्याला मुक्कामाला पाठवलं.

मग कृष्णविवर, आणि ब्रूस डिकिन्सन.

आयर्न मेडनचा हा गायक १९९३ साली बँड सोडून गेला होता आणि १९९९मध्ये परतला. म्हणजे हे गाणं तो घरी परतल्याच्या दिवसांतलं. हे अल्बममधलं सर्वांत लांब गाणं आणि सर्वांत संथ. बाकीची गाणी धावत असतात, हे सरपटतं. कृष्णविवरात पडणाऱ्या माणसाला दूरवरून पाहिलं तर तो कडेशी पोचता पोचता मंद मंद होत जातो आणि कायमचा तिथेच चिकटल्यासारखा दिसतो, असं सापेक्षता सांगते. गाण्याची लय तशीच जडावलेली. डिकिन्सन सुरुवातीला जवळजवळ बोलतो. आवाज चढत जातो तो पायरीपायरीने, आणि शेवटच्या दाराशी पोचल्यावर तो जे काही करतो ते ऐकताना मला आजही पाठ ताठ करून बसावं लागतं. खर्जातून निघून तारसप्तकात शिरणारे गळे मी मंडपात बसून ऐकलेले आहेत. पण ते वर जायचे तेव्हा उजेडाकडे जायचे. हा वर जातो तेव्हा अंधार वाढतो. हाच माणूस पुढे विमान कंपनीत वैमानिक झाला, प्रवासी विमानं चालवली, मेडनच्या दौऱ्याचं जंबो जेटही. अनोळखी अंधारात माणसं सुखरूप नेण्याचं काम त्याला शोभतंच.

या गाण्यानंतर डिकिन्सन आणि लुकासन यांनी मिळून अख्खा अल्बम करायचं ठरत होतं म्हणे. पण लुकासनच्या पोटात ती बातमी राहिली नाही. त्याने आनंदाच्या भरात जगाला सांगून टाकलं, आणि बेत फिसकटला. मग त्याने तो अल्बम दुसऱ्या चौघांना घेऊन केला, 'स्टार वन' या नावाने, २००२ साली, अंतराळावरच्या सिनेमांवर बेतलेला. तो मी कमी ऐकतो. पण हा किस्सा आठवला की त्या माणसाविषयी माया वाटते. लग्न ठरण्याआधीच पेढे वाटणारा एक काका प्रत्येक घरात असतो.

कृष्णविवर म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे नारळीकर येतात, त्याला इलाज नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. जयंत विष्णू नारळीकर यांची आद्याक्षरं उलटी वाचली की जगताप हजर. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कागदावरचं अक्षरही दुसऱ्याचं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. बहुरूपी आमच्याकडेही कमी नव्हते! आमच्या पिढीने तो शब्द त्यांच्याकडून घेतला, आणि विवराच्या पलीकडच्या श्वेतविवराचाही. १९७०च्या दशकात त्यांनी श्वेतविवरांवर शोधनिबंध लिहिलेले आहेत. तसं श्वेतविवर आजवर कोणी पाहिलेलं नाही. सीडीवर मात्र लिओने कृमिविवरातून जातो (हा मराठी शब्द जंताच्या औषधाच्या जाहिरातीतला वाटतो, माझा नाइलाज आहे) आणि कोटिपेल्टो पलीकडून श्वेतविवरातून बाहेर पडतो. हे ऐकताना मला गंमत वाटते ती एका गोष्टीची: नारळीकरांनी हा अल्बम ऐकला असता तर पहिल्याच तुकड्याला हात वर केला असता. विश्व एका महास्फोटातून निघालं, हे त्यांनी शेवटपर्यंत मानलं नाही. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांनी तर बिग बँग हा शब्दच १९४९ साली रेडिओवर बोलताना वापरला, तो न पटलेल्या कल्पनेला नाव म्हणून. २० मे २०२५ला नारळीकर गेले. त्या रात्री मी पहिला तुकडा वगळून, थेट दुसऱ्यापासून अल्बम ऐकला. आपण तरी दुसरं काय करू शकतो.

अल्बममध्ये दोष भरपूर आहेत, ते लपवत नाही. शब्द बाळबोध. काही कडवी भूगोलाच्या पुस्तकातून उचलल्यासारखी. मुख्य गळे सगळे पुरुषांचे. पहिल्या भागात बायका इतक्या सुरेख गातात, आणि जिथे वेग आला, धोका आला, तिथे मुख्य गाण्याची जागा एकीलाही नाही. आत्म्याला लिंग नसतं हे लुकासनला चौऱ्याऐंशी लक्षांच्या हिशेबासोबतच कोणीतरी सांगायला हवं होतं. गिटार आणि कीबोर्ड यांच्या जुगलबंद्याही कधी कधी अशा लांबतात, की दोघांना कोणीतरी हाताला धरून जेवायला बसवावं असं वाटतं. आणि याला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात खरं, पण त्या गोत्रातली अवघड मोजणीची गणितं इथे फारशी नाहीत. हा सरळ दौडणारा घोडा आहे.

पण श्वेतविवरातून बाहेर पडल्यावर एक 'प्लॅनेट वाय' येतो. येतो आणि जातो, जेमतेम एका कडव्याची त्याची वस्ती. आठ वर्षांनी, २००८ साली, लुकासनने अख्खा दोन सीड्यांचा अल्बम काढला त्याचं नाव ०१०११००१. द्विमान अंकांत लिहिलेलं वाय हे अक्षर. वाटेत ओझरता दिसलेला एक ग्रह त्याच्या डोक्यात आठ वर्षं फिरत होता. मला आवडतो हा माणूस तो अशा गोष्टींसाठी.

सातवं गाणं सूर्यमालेकडे येण्याचं. निळा ग्रह दिसायला लागतो. आणि इथे, इतक्या सगळ्या परदेशी पाहुण्यांनंतर, गातो तो रॉबर्ट सूटरबूक. लुकासनचा देशबंधू, त्याच्या १९९५च्या पहिल्या एरियॉन अल्बमपासूनचा साथी. आवाज इतरांइतका चकचकीत नाही. जरा घोगरा, दमलेला, रस्त्यावरचा. घर जवळ आलं की घरचा आवाज ऐकू यावा, इतकं हे साधं आहे. मला हे समजायला वीस वर्षं लागली. कळलं त्या दिवशी त्या हिंगोलीच्या मित्राला फोन करावासा वाटला. नंबर नव्हता. त्याच्या जिल्ह्यात औंढ्याला आता लायगो उभी राहायची आहे, दोन कृष्णविवरं एकमेकांत कोसळल्याची थरथर टिपणारी वेधशाळा. २०१५ साली अमेरिकेत पहिल्यांदा टिपलेली ती थरथर आवाजात बदलली तर सेकंदाला पस्तीसेक कंपनांपासून सुरू होऊन सर्रकन वर जाते. पुन्हा तीच जाड तार. पाऊस ऐकत झोपणाऱ्या त्या माणसाला हे सांगायला हवं होतं.

शेवटच्या गाण्यात यंत्र मंगळावरच्या माणसाला उठवू पाहतं. तो उठत नाही. तोच नवा मायग्रेटर होतो.

मागच्या महिन्यात मी नवा स्पीकर आणला, चांगला जड खोका, खर्जासाठी वेगळा. आई सध्या माझ्याकडे असते. तिला अलीकडे ऐकू कमी येतं. टीव्ही मोठा लावते आणि मालिकांतल्या सुना ओरडत का नाहीत म्हणून कुरकुरते. रात्री अकराला ती आत झोपलेली होती. मोबाइलवर कोणत्याही कंपनसंख्येचा सूर काढून देणारं एक ॲप असतं. मी त्यात सेकंदाला २९.६ असा आकडा घातला आणि आवाज वाढवत नेला. क्रॅबचा हल्लीचा सूर. मला काही ऐकू येईना. कान जवळ नेला, तरी नाही. मग खोक्यावर तळहात टेकवला तर तो थरथर हलत होता, झोपलेल्या म्हशीच्या पोटासारखा. साडेसहा हजार प्रकाशवर्षं. मी तसाच हात ठेवून बसलो. स्वयंपाकघरात फडताळावरच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणायला लागल्या, आधी एक, मग सगळ्याच.

आतून आईचा आवाज आला. "दार वाजतंय बघ. कोण आलंय रे इतक्या रात्री?"